नाईक शांतवनचा ओके रिपोर्ट

माझी शेवटची पोस्टिंग कामठीला झाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी घरापासून बसच्या अंतरावर होतो. माझं घर नागपुरात, महालात. लष्कराच्या इंजिनिअर्सच्या एका कंपनीत मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि माझ्याकडे बोट डिटॅचमेंट होती. दोन फायबरच्या बोटी, त्यांना मागे लावायच्या दोन मोटारी, एक वायरलेस सेट, अकरा जवान. पूर आला की जिल्हा प्रशासन लष्कराकडे मदत मागतं. तेव्हा अशीच एखादी तुकडी निघते.

त्या अकरांपैकी एकाबद्दल लिहितो आहे. नाईक शांतवन साळवे, मोटार ऑपरेटर. राहणार कन्हान, म्हणजे छावणीतून निघून नदीचा पूल ओलांडला की त्याचं गाव.

आधी त्याचं पिणं सांगतो. ते गाळून पुढचं सांगता येणार नाही.

फौजेत दारू पिणं हा गुन्हा नाही. ती कँटीनमध्ये मिळते, बर्फाच्या पोस्टवर रम इश्यूही होते. ड्यूटीवर पिणं हा गुन्हा आहे, आणि शांतवन ड्यूटीवर प्यायचा. त्याच्या कागदांवर तीन रेड इंक एंट्री होत्या. म्हणजे लाल शाईत नोंदलेल्या शिक्षा. चौथी पडली की सहसा माणसाला घरी पाठवतात. मिलिटरी हॉस्पिटलात तो दोनदा राहून आला आणि दोनदा परत प्याला. त्याची बायको सुवार्ता मुलीला घेऊन बुटीबोरीला भावाकडे निघून गेली. ऑपरेटर म्हणून त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही, पण सकाळी त्याच्या हातात मोटार चालू करायची दोरी देण्याआधी मला त्याचं तोंड हुंगावं लागायचं. ते त्यालाही माहीत होतं. जवळ येऊन तो स्वतःच तोंड उघडायचा.

कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी त्याला महिन्याची सुट्टी दिली आणि सांगितलं, "ही शेवटची संधी. परत आलास तर माणूस होऊन ये."

कन्हानला याकोबकाका म्हणून एक गृहस्थ होते. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले आणि तिथल्या छोट्या चर्चमधले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी स्वतः वीस वर्षं पिऊन दारू सोडली होती. शांतवन बसस्टँडवर उतरला तो सरळ दारूच्या भट्टीच्या वाटेला लागला. काकांनी त्याला वाटेतच गाठलं आणि आपल्या घरी नेलं. पहिले काही दिवस त्याचं अंग थरथरलं, अन्न टिकेना, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. खाणीच्या दवाखान्यातले डॉक्टर रोज येऊन औषध देऊन जायचे. काका खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे. उपदेश केला नाही. एकच सांगितलं. शांतवनने ते मला त्यांच्याच शब्दांत ऐकवलं होतं.

"तुह्यानं होत नाही, हे पहिले मान्य कर. मंग ज्याच्यानं होते त्याले माग."

शांतवन जन्माने ख्रिस्ती. पण त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, "साहेब, मी नाताळपुरता होतो. केक खाण्यापुरता." त्या खाटेवर त्याने पहिल्यांदा स्वतःहून प्रार्थना केली. काय मागितलं हे मी विचारलं नाही. उठला तो न पिणारा माणूस झाला होता. पण काकांना एवढ्यावर भरवसा नव्हता. सुट्टी संपताना त्यांनी विचारलं, "तुमच्या फौजेत पोस्टवरचा माणूस काय करते?"

"ठरल्या टायमाले कंट्रोलला ओके रिपोर्ट देते, काका."

"मंग तूबी दे. सकाळी देवाले, संध्याकाळी मले."

ओके रिपोर्ट म्हणजे काय, ते वाचकांसाठी सांगतो. प्रत्येक पोस्टने ठरलेल्या वेळी वायरलेसवर कळवायचं असतं की सगळं ठीक आहे. काही घडलेलं नसलं तरी कळवायचं. रिपोर्ट आला नाही तर कंट्रोल समजतं की पोस्टवर काहीतरी बिघडलं आहे, आणि माणसं निघतात.

शांतवन रोज संध्याकाळी रोल कॉलनंतर बराकीच्या पायरीवर उभा राहून काकांना फोन लावायचा. "काका, शांतवन. ऑल ओके." पलीकडून काका म्हणायचे, "भेटला गा. झोप आता." संध्याकाळचे सात वाजलेले असायचे, झोपायची वेळ नसायची, तरी ते तेच म्हणायचे. फोन बंद. पुरं एक मिनिटही लागत नसे.

एकदा मी विचारलं, "रोज तेच ते काय सांगतो गा? आठवड्यातून एकदा सांग."

"नाही साहेब. पोस्ट रोजची असते."

जवानांनी त्याचं नाव पादरी ठेवलं होतं. बडा खाना, म्हणजे सगळ्या कंपनीची एकत्र मेजवानी, असली की सगळ्यांच्या हातात रमचे ग्लास आणि हा लिंबूपाणी घेऊन उभा. लान्स नाईक पोटे दुसऱ्या बोटीचा ऑपरेटर, तोंडाने फटकळ. तो ओरडायचा, "ए पादरी, येशूसारखी पाण्याची वाइन करून दाखव ना गा!"

"थांब. पहिले तुह्या रमचं पाणी करतो."

सगळे हसायचे. पण लंगरमधल्या, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघरातल्या, प्रत्येकाला एक गोष्ट पाठ होती. शांतवनच्या मगाजवळ रमची बाटली न्यायची नाही. कोणी ऑर्डर काढली नव्हती. दुसऱ्या वर्षी सुवार्ता मुलीला घेऊन परत आली. त्या गोष्टीलाही वर्ष होत आलं होतं.

ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस पाऊस पडला. चौथ्या दिवशी पहाटे ऑर्डर आली. नदीकाठच्या ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत पाणी शिरलं होतं आणि चाळीसेक माणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली होती. साडेसातला आम्ही जागेवर पोचलो. रस्ता जिथे पाण्यात जात होता तिथे ट्रक लावला आणि बोटी उतरवल्या. किनाऱ्यापासून शाळा साधारण चारशे मीटर. मधे एरवी शेतं असतात. त्या दिवशी तिथे तपकिरी पाणी धावत होतं आणि त्यातून झाडं, पत्रे, मेलेली जनावरं वाहून जात होती.

प्रवाह तिरका होता. सरळ जाता येत नव्हतं. वरच्या अंगाने चढायचं आणि खाली घसरत शाळा गाठायची. एका फेरीला तासापेक्षा जास्त लागत होता. दुपारपर्यंत दोन्ही बोटींनी मिळून बत्तीस माणसं आणली. बायका आणि मुलं आधी.

बाराच्या सुमारास दुसऱ्या बोटीच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं. पोटेने ते हाताने ओढलं. जाळं निघालं नाही, मोटारीचा गिअर गेला आणि पोटेचा तळवा फाटला. वल्ह्यांनी कसेबसे ते किनाऱ्याला आले. आता एक बोट आणि एकच ऑपरेटर उरला. स्लॅबवर नऊ माणसं होती.

त्याच वेळी लंगरचा चहा आला. कुक बावणे उमरेडचा, आठवड्यापूर्वीच पहाडातल्या एका युनिटमधून आमच्याकडे आला होता. सकाळपासून सगळे चिंब भिजलेले. मेजरसाहेबांनी त्या दिवसासाठी रम इश्यू मंजूर केली होती, संध्याकाळी काम संपल्यावर द्यायची. बावणेच्या जुन्या युनिटमध्ये भिजून आलेल्या जवानाला रम चहातच मिळायची. त्याने तीच पद्धत इथे चालवली. माणसं कुडकुडताना पाहून बाटल्या चहाच्या कंटेनरमध्ये ओतल्या. चांगलं करायच्या इच्छेने केलं. फौजेचाच माणूस अशी चूक करू शकतो.

शांतवन नुकताच बोटीतून उतरला होता. त्याने मग भरून घेतला, वाफ घालवायलाही थांबला नाही, एक मोठा घोट घेतला. मग थांबला. मी दहा पावलांवर होतो. त्याने मगात पाहिलं. तो मग ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. इतक्या हळू, जणू मगात स्फोटकं असावीत. नंतर चालत माझ्यासमोर आला आणि सावधान उभा राहिला.

"साहेब, रिपोर्ट."

"बोल."

"ओके नाही."

मला कळलं नाही. मोटारीचं काही असेल असं वाटलं.

"चहात रम आहे, साहेब. एक घोट पोटात गेला."

मी बॉनेटवरचा मग उचलून हुंगला. बरोबर होतं. मग जवळजवळ भरलेलाच होता. बावणे धावत आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

"साहेब, मले कोणी सांगतलंच नाही. तिकडं आम्ही असंच देत होतो..."

"चूप," पोटे त्याच्यावर खेकसला. पोटेच्या हाताला बँडेज चालू होतं. "अबे, अडीच वर्षं झाली त्याले! अडीच वर्षं!"

शांतवनने बावणेच्या खांद्यावर हात ठेवला. "तुही चूक नाही गा. चहा चांगलाच झाला होता. तेच तर वांधं आहे." मग मला म्हणाला, "साहेब, एका घोटाचं काही नाही. पुढच्याचं आहे. मले आता तो मग पाहिजे. मग नाही, अख्खा कंटेनर पाहिजे. हात पाहा."

हात थरथरत होते. ही थंडी नव्हती. हेच हात मी तीन वर्षांपूर्वी रोज सकाळी पाहायचो.

सेट वाजला.

"बोट पार्टी, कंट्रोल. वरच्या धरणाचे आणखी दरवाजे उघडले. तासाभरात तुमच्याकडे तीन फूट वाढ. ओव्हर."

"कंट्रोल, बोट पार्टी. दुसरी बोट कधी? ओव्हर."

"रस्ता तुटलाय. दोन तास. ओव्हर."

मी दुर्बिणीतून शाळा पाहिली. स्लॅबची कड पाण्यापासून दोन फुटांवर होती. हिशेब करायला वेळ लागला नाही.

चहात मिसळलेल्या एका घोटाने माणसाला चढत नाही, हे मला माहीत होतं. मी आयुष्यभर स्टोअरची मापं पाहत आलो आहे. तो शुद्धीत होता. प्रश्न दारूचा नव्हता. प्रश्न असा होता की हा माणूस पुढचा तासभर स्वतःला धरून ठेवेल का. आणि त्याने नाही धरलं, तर नऊ माणसं.

"शांतवन, बोट चालवशील?"

"चालवतो. पण मले एकटं ठेवू नका साहेब. तुमी समोर बसा. अन् दोन मिनिटं द्या."

त्याने फोन काढला. काकांचा नंबर लावला. टॉवर पडले होते. पुन्हा लावला. रेंज नाही. त्याने फोन पिशवीत टाकला आणि तिथेच, ट्रकच्या चाकाजवळ, चिखलात गुडघ्यांवर बसला. अडीच वर्षांत जवानांसमोर तो असा कधी बसला नव्हता. दहा जवान उभे होते. पोटे उभा होता. कोणी पादरी म्हटलं नाही. मी हिंदू माणूस, घरी देव्हाऱ्यासमोर उभा राहतो तसाच टोपी काढून उभा राहिलो.

त्याने मोठं काही म्हटलं नाही. मला ऐकू आलं ते इतकंच. "प्रभू, माह्यानं होत नाही. मी मान्य करतो. हे हात तू धर. नऊ जण आहेत."

उठला तेव्हा हात थांबलेले नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं प्रार्थना केली की सगळं शांत होतं. थरथर तशीच होती. त्या हातांनी त्याने दोरी धरली आणि पहिल्याच ओढीला मोटार चालू केली.

"रिपोर्ट?" मी विचारलं.

"सध्यापुरतं ओके, साहेब."

मी पुढे बसलो, तो मागे मोटारीपाशी. जाताना तो सारखा काही पुटपुटत होता. शब्द मोटारीच्या आवाजात जात होते, पण मी दर थोड्या वेळाने मागे पाहत होतो आणि ओठ हलताना दिसत होते. एक ओंडका दोन हातांवरून गेला. त्याने बोट इंचाइंचाने सरकवून तो चुकवला. अर्ध्यावर मी पाहिलं तर हात मोटारीच्या दांड्यावर घट्ट होते. थरथर कधी गेली मला कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळलं नसावं.

शाळेपाशी पोचलो तेव्हा कड वीतभर उरली होती. आठ माणसं बोटीत उतरली. नववी एक म्हातारी. ती दोन बकऱ्यांच्या दोऱ्या धरून उभी.

"माह्या बकऱ्या आल्याबिगर मी नाही येत."

"आजी, बकऱ्या पोहतात. तुमी नाही पोहत," शांतवन म्हणाला.

"तुले काय मालूम? मी ढीवराची पोर आहो."

"मंग तुमी पोहत या, बकऱ्याइले मी बोटीत घेतो."

बोटीतली माणसं अशा वेळीही हसली. म्हातारी शिव्या देत उतरली. मी बकऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या. हे सांगायला बरं वाटतं की त्यातली एक दुसऱ्या दिवशी जिवंत सापडली.

परत निघालो. बोटीत नऊ आणि आम्ही दोघं. बोट जड झाली होती, कडा पाण्यापासून हातभर. अर्धं अंतर कापल्यावर सेट वाजला.

"बोट एक, कंट्रोल. रिपोर्ट. ओव्हर."

मी मागे पाहिलं. शांतवन ओला, डोळे लाल, पण चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. समाधान म्हणता येईल, मला दुसरा शब्द सापडत नाही. तो ओरडला, "ऑल ओके सांगा, साहेब. पूर्ण ओके!"

"कंट्रोल, बोट एक. ऑल ओके. ओव्हर," मी म्हणालो.

त्यानंतर जेमतेम मिनिटभराने झाड आलं. चिंचेचं, मुळांसकट उपटलेलं, पाण्याखालून येत होतं. आम्हाला दिसलं तेव्हा ते वीस-पंचवीस हातांवर होतं आणि बोटीच्या बाजूवर येत होतं. बाजूवर ते लागलं असतं तर बोट उलटली असती. चुकवायला वेळ नव्हता. बोट फिरवायला होता. शांतवनने दांडा पूर्ण दाबला आणि बोट जागेवर फिरवली. माझं टोक किनाऱ्याकडे झालं, त्याचं झाडाकडे. हे त्याने चुकून केलं नाही. ऑपरेटरला बोट कुठे फिरते ते नेमकं माहीत असतं.

तडाखा मागच्या टोकाला बसला. मोटार उखडून गेली. शांतवन गेला. त्याचं लाइफ जॅकेट अंगावर होतं. फांदीचा मार डोक्याला बसला होता, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या धक्क्याने बोट प्रवाहाबाहेर फेकली गेली. मी आणि दोन ढीवरांनी वल्ही मारली. पोटेने किनाऱ्यावरून एका हाताने दोर फेकला. नऊही उतरले.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला, बाभळींत सापडला.

चौकशी झाली. अशा मृत्यूनंतर होतेच. मी स्टेटमेंट दिलं. चहा, रम, एक घोट, मगात उरलेला चहा, त्याने स्वतः केलेला रिपोर्ट, आणि त्याला पाठवण्याचा निर्णय माझा. बावणेने आपलं स्टेटमेंट रडत दिलं, पण एक शब्द गाळला नाही. मृत्यू ड्यूटीवरचाच ठरला. माझा निर्णय बरोबर होता का, हे मला पुष्कळांनी विचारलं. आज तीच परिस्थिती आली तर मी त्यालाच पाठवीन.

पण चौकशीचा निकाल यायला वेळ होता आणि कन्हानला कुजबुज आधीच पोचली. ज्यांनी त्याला पूर्वी नालीत पडलेलं पाहिलं होतं, त्यांना बोलायला किती वेळ लागतो? पिऊन बोट चालवली म्हणे. दफनाच्या दिवशी शवपेटी चर्चमध्ये नेण्याआधी सुवार्ता माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"भाऊजी, खरं सांगा. ते प्याले होते?"

"एक घोट. नकळत. आणि तो त्याने स्वतः येऊन मला सांगितला. दुसरा घेतला नाही."

ती म्हणाली, "मंग हे आतमध्ये सांगा. सगळ्याइसमोर. एक घोटबी लपवू नका."

त्या चर्चमध्ये पद्धत आहे की अंत्यविधीला मृताबद्दल कोणीही उभं राहून बोलू शकतं. पेटीवर तिरंगा होता. मी उठलो आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं, वर लिहिलं आहे तसंच. रम सांगितली तेव्हा मागच्या बाकांवर हालचाल झाली. झाडापर्यंत आलो तेव्हा कोणी हललं नाही.

मी बसणार होतो, पण पहिल्या बाकावरून याकोबकाका काठी टेकत उठले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"साहेब, त्या दिवशी त्याचा फोन नाही आला. मी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. अडीच वर्षांत पहिल्यांदा रिपोर्ट नाही आला. मले तेवढं सांगा. पोस्टवर काय झालं होतं?"

मी सावधान उभा राहिलो. दुसरं कसं उभं राहावं हे मला सुचलं नाही.

"काका, टॉवर पडले होते. त्याने दोनदा लावला. रिपोर्ट त्याने मला दिला, तो मी तुम्हाला देतो. उशीर झाला, माफी असावी." मग रिपोर्ट दिला. "नाईक शांतवन साळवे. ऑल ओके. पूर्ण ओके."

काका चाचपडत पेटीपाशी गेले. तिरंग्यावर तळहात ठेवला.

"भेटला गा," ते म्हणाले. "झोप आता."